दर्जा पंचापासून सुरू होतो

७ ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीची अंतिम लढत, भारत विरुद्ध इराण. गुणफलक २८-२८. सामना संपायला मिनिटभराच्या आसपास वेळ उरला होता आणि भारताची तिसरी चढाई होती. आधीच्या दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. कर्णधार पवन सेहरावत आत गेला आणि कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला. त्याच्या अंगावर धावून गेलेले इराणचे बचावपटूही त्याच्या मागोमाग त्या पट्ट्यात शिरले. तिथून पुढे जवळजवळ तासभर कबड्डी झाली नाही. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे फिरला, खेळाडू निषेध म्हणून मॅटवर बसून राहिले आणि अधिकारी नियमपुस्तकावर वाद घालत बसले. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. सुवर्णपदक मिळालं, पण तो तास कबड्डीच्या हिताचा नव्हता.

भांडण नेमकं कशावरून झालं, ते नीट समजून घ्यायला हवं. कबड्डीच्या मैदानाला दोन्ही बाजूंना एक-एक मीटरचे राखीव पट्टे असतात. झटापट झाल्याशिवाय, म्हणजे चढाईपटू आणि बचावपटू यांचा स्पर्श झाल्याशिवाय, तो पट्टा मैदानाचा भाग मानला जात नाही. स्पर्शाआधी तिथे पाऊल पडलं की चढाईपटू बाद. मग त्याच्या पाठोपाठ पट्ट्यात शिरलेल्या बचावपटूंचं काय? जुना नियम म्हणतो, तेही बाद. प्रो कबड्डीत रुळलेला नवा नियम म्हणतो, चढाईपटू बाद झाला त्या क्षणी चढाई संपली, त्यामुळे मागून आलेल्यांना धक्का नाही. एका बाजूने पाहिलं तर फक्त इराणला एक गुण, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर भारताच्या पदरात गुणांची ओंजळ. दोन्ही संघ आपापल्या जागी खरे होते, कारण दोघांच्या डोक्यात वेगवेगळी पुस्तकं होती. सामना सुरू होण्याआधी कोणतं पुस्तक लागू आहे हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं, तर हा तास वाया गेला नसता.

प्रभादेवीपासून ना. म. जोशी मार्गापर्यंत, लालबागपासून काळाचौकीपर्यंत कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला हा प्रसंग मुळीच परका वाटत नाही. गल्लीच्या स्पर्धेत हाच वाद दरवर्षी होतो, फक्त तिथे कॅमेरे नसतात. दादरच्या अमर हिंद मंडळाचं पटांगण असो, श्रमिक जिमखाना असो की प्रभादेवीतल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी घातलेलं तात्पुरतं मैदान असो, रात्रीच्या प्रकाशझोतातला सामना रंगात आला की पंचाभोवती घोळका जमतोच. 'पंचाने मारलं' हे वाक्य या भागात पराभवाचं सगळ्यात नेहमीचं स्पष्टीकरण आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. खेळात धसमुसळेपणा किती चालतो, पंच निर्णय कसा देतो आणि खेळाचा दर्जा किती वर जातो, या एकाच साखळीच्या कड्या आहेत. पहिल्या दोन कड्या सैल असतील, तर तिसरी कधीच घट्ट होत नाही.

हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते रग्बीत. मुंबईकराला रग्बी आता अगदीच अनोळखी राहिलेली नाही. आझाद मैदानाला लागून असलेल्या बॉम्बे जिमखान्यावर हा खेळ अनेक पिढ्या खेळला गेला. भारताने १९९८ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, त्या संघात अभिनेते राहुल बोस होते आणि पुढे तेच राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. पुण्याच्या वाहबिझ भरूचा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी जून २०१९ मध्ये सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात सात-सात खेळाडूंच्या रग्बीची व्यावसायिक लीगही झाली. त्या सात जणांच्या प्रकारात पिवळं कार्ड मिळालं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो. कबड्डीतही एका बाजूला सात खेळाडू आणि पिवळ्या कार्डाला दोन मिनिटंच. दोन्ही खेळांत अंगाला अंग भिडतं, दोन्हींत समोरच्याला पकडून थांबवायचं असतं. त्यामुळे एकाचे प्रश्न दुसऱ्याला समजायला जड जात नाहीत.

पंधरा खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय रग्बीत नियमपुस्तकाचा नववा नियम संपूर्णपणे गैरखेळाला वाहिलेला आहे. अडथळा आणणं, अन्यायाने खेळणं, तोच गुन्हा पुन्हा पुन्हा करणं, धोकादायक खेळ आणि गैरवर्तन, अशी त्याची विभागणी आहे. सौम्य चुकीला प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी, पिवळ्या कार्डाला दहा मिनिटं बाहेर, लाल कार्डाला सामन्यातून बाहेर. कागदावर हे सोपं दिसतं. खरी अडचण त्या क्षणाची असते. शंभर किलोंच्या पुढचे दोन खेळाडू एकमेकांवर धावत येतात, चेंडू घेतलेला खेळाडू शेवटच्या क्षणी खाली वाकतो आणि पकड करणाऱ्याचा खांदा त्याच्या डोक्यावर बसतो. हेतू होता का? टाळता आलं असतं का? पाव सेकंदात हे ठरवायचं कसं?

रग्बीने या प्रश्नांची उत्तरं किंमत मोजून शोधली. २५ जून २००५ रोजी ख्राइस्टचर्चला न्यूझीलंड विरुद्ध ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या कसोटीत लायन्सचा कर्णधार ब्रायन ओड्रिस्कॉल याला दोघा खेळाडूंनी उचलून खाली आपटलं. त्याचा खांदा निखळला आणि सामना सुरू झाल्याबरोबर त्याचा दौरा संपला. त्या दोघांना कोणतीही शिक्षा झाली नाही. जगभर संताप उसळला आणि माणसाला उचलून डोक्यावर आपटण्याच्या प्रकाराविरुद्ध कडक भूमिका घेतली गेली. सहा वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०११ रोजी, विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत वेल्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टन याने फ्रान्सच्या खेळाडूला तसंच उचललं. पंच अलां रोलां यांनी त्याला थेट लाल कार्ड दाखवलं. वेल्स चौदा खेळाडूंनिशी लढून ९-८ असा हरला. अख्खा वेल्स पंचावर रागावला. पण त्या निर्णयामागचा विचार सरळ होता: कृती धोकादायक असेल, तर सामना किती मोठा आहे हे पाहायचं नाही.

पुढे डोक्याला बसणारे मार हा रग्बीचा सर्वांत मोठा प्रश्न बनला. २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातला स्टीव्ह थॉम्प्सन याला चाळिशीच्या सुरुवातीलाच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि तो विश्वचषक जिंकल्याचंही त्याला आठवत नाही, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. आता पंच ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारतो. डोक्याला धक्का लागला का? लागला असेल, तर तो गैरखेळ होता का? धोका किती होता, कमी की जास्त? शिक्षा सौम्य करावी असं काही घडलं का, उदाहरणार्थ समोरचा अचानक खाली वाकला का? शेवटच्या उत्तरावर पेनल्टी, पिवळं की लाल हे ठरतं. हे प्रश्न पंचाच्या माइकवरून प्रेक्षकांना ऐकू जातात. घरात बसलेला माणूसही निर्णयापर्यंतची वाट पंचाबरोबर चालतो. निर्णय पटला नाही तरी तो कसा झाला हे त्याला कळतं.

मात्र यंत्रणा वाढली म्हणून वाद संपत नाहीत. २०२३ मध्ये रग्बीने 'बंकर' आणला. मैदानावरच्या पंचाला शंका असेल, तर तो पिवळं कार्ड दाखवून खेळाडूला बाहेर पाठवतो आणि वेगळ्या खोलीत बसलेला अधिकारी आठ मिनिटांत चित्रफीत पाहून ते कार्ड लाल करायचं का हे सांगतो. खेळ मधल्या काळात थांबत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरल याचं पिवळं कार्ड असंच लाल झालं. पुढे शिस्तपालन समितीने ते रद्द केलं, त्यावर जागतिक संघटनेनेच अपील केलं आणि अखेर त्याला चार सामन्यांची बंदी झाली. एकाच पकडीवर तीन ठिकाणी निर्णय झाले. नियम एकच असला तरी त्याचा अर्थ लावणारी माणसं निरनिराळी असतात, हे यातून पुन्हा दिसलं.

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचं पिवळं कार्ड बंकरने लाल केलं. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळालेला तो पहिला खेळाडू. दक्षिण आफ्रिकेने सामना १२-११ असा जिंकला. पंच वेन बार्न्स यांनी त्यानंतर निवृत्ती घेतली आणि त्यांना व त्यांच्या कुटुंबाला ऑनलाइन धमक्या आल्याचं जगापुढे आलं. चित्रफीत पाहून मदत करणारे टॉम फोली यांनीही आंतरराष्ट्रीय काम थांबवलं. पंचाचं घर धमक्यांनी घेरलं जातं, तेव्हा पंचगिरीकडे वळणारी तरुण मुलं कमी होतात. पंच कमी झाले की सामन्यांचा दर्जा घसरतो, आणि घसरलेल्या दर्जाचं खापर पुन्हा पंचावरच फुटतं.

कार्डांमुळे सामना बिघडतो, चौदा विरुद्ध पंधरा हा खरा खेळच नाही, अशी तक्रार रग्बीत मोठी आहे. तिला मान देऊन वीस मिनिटांच्या लाल कार्डाचा प्रयोग सुरू झाला: दोषी खेळाडू परत येत नाही, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येतो. २०२५ च्या सिक्स नेशन्स स्पर्धेत तो वापरला गेला. व्यक्तीला शिक्षा व्हावी, सामन्याला होऊ नये, हा त्यामागचा विचार. तो मला अर्धाच पटतो. पॅरिसच्या त्या सामन्यात न्यूझीलंड पन्नास मिनिटांच्या आसपास चौदा खेळाडूंनिशी खेळलं आणि एका गुणाने हरलं. तो सामना पाहताना खेळ पातळ झाल्यासारखा क्षणभरही वाटला नाही. उलट एक खेळाडू कमी असताना संघ कशी जागा भरतो, कसा दम धरतो, हे त्यात दिसलं.

आता कबड्डीकडे येऊ. कबड्डीत गैरखेळाची यादी रग्बीइतकी लांब नाही, पण ती तितकीच गंभीर आहे. चढाईपटूला पकडायचं ते हातापायाला आणि धडाला. केस, कपडे धरता येत नाहीत. तोंड किंवा गळा दाबून त्याचा दम मोडता येत नाही. पायांची कैची घालून पाडता येत नाही. मुद्दाम ढकलून सीमेबाहेर काढता येत नाही. नखं कापलेली हवीत, अंगाला तेल लावायला मनाई. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. यातली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी मोडलेल्या हाडावरून किंवा गुदमरलेल्या श्वासावरून लिहिली गेली असणार, हे कबड्डी खेळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पंचाचं काम किती कठीण असतं, हे एका पकडीतून पाहू. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो. डावा कोपरारक्षक झेपावून घोटा धरतो. तोल जाताच मध्यरक्षक कमरेवर पडतो, दुसऱ्या बाजूची साखळी धावत येते आणि चढाईपटू मध्यरेषेकडे सरपटत हात लांबवतो. या दोन-तीन सेकंदांत पंचाला निदान पाच गोष्टी एकाच वेळी पाहाव्या लागतात. बोनस घेताना मागचा पाय हवेत होता का? मैदानात सहा किंवा सात बचावपटू होते का, कारण त्याहून कमी असतील तर बोनस मिळत नाही. दम चालू आहे का, 'कबड्डी कबड्डी' ऐकू येतंय का? तोंडावर कोणाचा हात तर नाही? बोट मध्यरेषेला लागलं, ते दम सुटण्याआधी की नंतर? तीस सेकंदांचं घड्याळ तोपर्यंत संपलं का? चढाईपटू रेषेला पोहोचला असेल तर त्याला धरणारे सगळे बाद, नसेल तर तो एकटा बाद. एका बोटाच्या पेरावर चार-पाच गुण इकडचे तिकडे होतात. आणि हे सगळं पाहणारा माणूस दोन-तीन सामने ओळीने करून, रात्री अकरा वाजता, घोषणांच्या गदारोळात उभा असतो.

म्हणूनच कबड्डीत एक सरपंच, दोन पंच, रेषापंच आणि गुणलेखक अशी रचना आहे. पंच आपापल्या बाजूचं पाहतात, मतभेद झाला तर सरपंच निकाल देतो. रचना चांगली आहे. गल्लीत ती मोडते ती दोन कारणांनी. एक, पंच निर्णय देतो पण कारण सांगत नाही. हात वर जातो, शिट्टी वाजते आणि पुढची चढाई सुरू होते. हाताची खूण कुणाला दिसते, कुणाला दिसत नाही. दुसरं, पंचाशी बोलायला एकाच वेळी सातही खेळाडू, प्रशिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते आणि कधी कधी प्रेक्षकही येतात. रग्बीत ही मुभा फक्त कर्णधाराला आहे. इतर कोणी बोलला तर त्याच्या संघाला शिक्षा होते. दोन मीटर उंचीचे खेळाडू पंचापुढे मान खाली घालून उभे राहतात, ते नियमाच्या सवयीमुळे. ती सवय आपल्याकडेही लागू शकते.

आपल्या भागात चुकीच्या निर्णयाची किंमत मोठी असते. गिरणगावात कबड्डी हा नुसता विरंगुळा कधीच नव्हता. गिरण्या चालू होत्या तेव्हा चांगल्या खेळाडूला खेळाच्या बळावर नोकरी मिळत असे. १९८२ च्या संपानंतर ती दारं एकामागून एक बंद झाली. आज रेल्वे, पोलीस, बँका आणि बंदराच्या संघांकडे मुलं डोळे लावून असतात. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, ते स्पर्धेतल्या कामगिरीवर. दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या मुलासाठी उपांत्य फेरीतला एक चुकीचा निर्णय म्हणजे एखाद्या वर्षाची संधी. त्या क्षणी तो पंचावर धावून जातो तेव्हा त्याला माफ करता येणार नाही, पण त्याची तडफड समजून घ्यायला हवी. पंच चांगले असावेत, हा त्याचा हक्क आहे.

दर्जाचाही संबंध थेट नियमाशी आहे. पूर्वी आघाडी घेतलेला संघ कोऱ्या चढायांवर वेळ काढायचा. मध्यरेषेपलीकडे पाऊल टाकायचं, निदानरेषा ओलांडायची आणि परतायचं. प्रेक्षक जांभया द्यायचे. तीस सेकंदांची मर्यादा आणि तिसऱ्या चढाईची सक्ती आल्यावर प्रत्येक संघाला आक्रमण करावंच लागलं. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या अव्वल पकडीला जादा गुण मिळू लागला, तेव्हा हरणाऱ्या संघालाही परत येण्याची आशा मिळाली. २६ जुलै २०१४ रोजी प्रभादेवीच्या शेजारी, वरळीच्या एनएससीआयच्या सभागृहात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. यू मुम्बा विरुद्ध जयपूर हा तो सामना पाहिलेल्यांना हे वेगळेपण लगेच जाणवलं. खेळ तोच होता, माणसं तीच होती. वेग वाढला, कारण नियम स्पष्ट होते, घड्याळ सर्वांना दिसत होतं आणि गुणफलक क्षणाक्षणाला बदलत होता. रग्बीतही हेच झालं. २०१३ मध्ये स्क्रममध्ये भिडण्याची पद्धत बदलली: आठ-आठ खेळाडूंनी आधी एकमेकांना धरायचं, मग ढकलायचं. धडकेचा जोर कमी झाला, माना वाचल्या. खेळ पातळ झाला नाही.

कबड्डीला नियम देणारी माणसं आपलीच होती, हे विसरता कामा नये. गावोगावी निरनिराळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या हुतूतूला एका पुस्तकात बसवण्याचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात आणि बडोद्याला झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगापुढे मांडला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आयुष्य वेचून कबड्डी देशभर आणि देशाबाहेर नेली. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. सगळ्यांसाठी एकच नियम, हा त्या पिढीचा आग्रह होता. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला स्थान मिळालं, त्यामागे हा आग्रह होता. हांगझोऊत दोन नियमपुस्तकं एकमेकांसमोर आली, तेव्हा आपण त्या आग्रहापासून दूर गेल्याचं दिसलं.

प्रभादेवी-परळच्या मंडळांना यावर उपाय करण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. सामना सुरू होण्याआधी सरपंचाने दोन्ही कर्णधारांना बोलावून राखीव पट्टा, तिसरी चढाई आणि अव्वल पकड यांचे लागू नियम मोठ्याने वाचून दाखवावेत. पाच मिनिटं लागतील. वादग्रस्त निर्णयानंतर कारण माइकवरून एका वाक्यात सांगावं: 'दम सुटल्यानंतर हात लागला' किंवा 'स्पर्शाआधी पट्ट्यात गेला'. निवेदक तसाही सामनाभर बोलतोच. पंचाशी बोलायचं ते फक्त कर्णधाराने, आणि हा नियम पहिल्या सामन्यापासून पाळायचा, अंतिम सामन्यापासून नव्हे. तोंड दाबणं आणि मान धरणं याला ताकीद न देता थेट पिवळं कार्ड. डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या रात्री पुन्हा मैदानात नाही, मग तो कितीही म्हणो की 'मी ठीक आहे'. आणि राज्य संघटनेची पंच परीक्षा दिलेल्या तरुणांना, विशेषतः मुलींना, मोठ्या सामन्यांत उभं करायचं. बक्षिसाच्या रकमेचा छोटा भाग पंचांच्या मानधनावर खर्च झाला, तर चषक थोडा छोटा होईल, सामना मोठा होईल.

चांगल्या पंचामुळे खेळाडूला मोकळेपणाने खेळता येतं. कोपरारक्षक घोट्यावर जीव तोडून झेपावतो, कारण समोरचा त्याच्या तोंडावर लाथ मारणार नाही याची त्याला खात्री असते. चढाईपटू शेवटच्या श्वासापर्यंत रेषेकडे हात लांबवतो, कारण तो हात पोहोचला तर दिसेल, याची त्याला खात्री असते. ही खात्री देणं हेच पंचाचं काम. ती नसेल, तर कितीही गुणी पोरं मैदानात उतरवली, तरी सामन्याचा शेवट मॅटवर बसून वाद घालण्यातच होणार.